सदरा वाहून नेणारी बर्फाची पेटी

“आधी लांबचं स्वच्छ पान तोडायचं, मग जवळचं बाधलेलं. आणि दर पानाला हातमोजे नवे. कंटाळा करायचा नाही.”

मित्रांनो, हा आवाज अल्विन सिल्वेरांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण कोणी माझं झाकण उचललं की मला तो अजूनही ऐकू येतो. मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. सलिनासच्या खोऱ्यात, जिल्ह्याच्या शेती कार्यालयात माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. बंदरावरच्या एका दुकानात मी बहिणींसोबत विक्रीला ठेवलेली होते. माझ्या बहिणी मासे आणि बिअरच्या बाटल्या वाहायला निघून गेल्या. मला सिल्वेरा घेऊन आले. त्यांनी मला गरम पाण्याने धुतलं, कोऱ्या फडक्याने पुसलं आणि झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘खाण्याचं काहीही ठेवू नये.’ मला वाईट वाटलं. माझ्या अंगाला कधी माशाचा वास नाही, सहलीचा गोंगाट नाही. पुढे कळलं की ते माझं सोवळं होतं. देवघरातल्या तांब्याला कोणी पाण्याच्या माठात बुडवत नाही, तसं.

आमच्या खोऱ्यात समुद्राकडून वारा येतो. पहाटे तो झोपलेला असतो, उन्हं वर आली की उठतो. म्हणून पिकावरची फवारणी पहाटेच उरकायची असते. फवाऱ्यातल्या विषाला इथे सगळे औषध म्हणतात. ते ज्या पिकासाठी आहे त्याच्यावरच पडावं, शेजारच्या माणसांवर पडू नये, एवढ्यासाठी केवढी मोठी व्यवस्था उभी आहे हे पाहून मी सुरुवातीला थक्क झाले, आणि ते थक्क होणं अजून ओसरलेलं नाही. नियम राज्य करतं. फवारणाऱ्या कंपनीला परवाना राज्य देतं. पण अमुक शेतात, अमुक दिवशी फवारायचं की नाही, ते जिल्हा ठरवतो. बांधावर उभं राहून वारा बघणारा माणूसही जिल्ह्याचाच. जिल्ह्याचे डोळे जवळचे, पण त्याची हद्द मोठ्या कालव्यापाशी संपते. राज्याचा हात लांब, पण त्याला बांधावरचं दिसत नाही. म्हणून दोघांनी एकमेकांना धरून चालायचं.

आणि त्या दोघांच्या मधे मी.

शेतातून तोडलेलं पान माझ्यात बर्फावर ठेवलं की झाकणावर कागदी पट्टी चिकटे. पट्टीवर सही. मग मी राजधानीला, सॅक्रामेंटोला, राज्याच्या प्रयोगशाळेत जाई. तिथल्या बाई आधी दिव्याखाली पट्टी न्याहाळत. पट्टी जराशी जरी उचकटलेली दिसली, तरी माझ्या पोटातल्या पानाची किंमत कोशिंबिरीपेक्षा जास्त नाही. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलंही नाही अशी दोन माणसं एका कागदाच्या पट्टीवर एवढा विश्वास ठेवतात! मला तर ते देवाच्या नावाने लावलेल्या अंगाऱ्याइतकं पवित्र वाटे.

सिल्वेरा निवृत्त झाले आणि मी मागदा ओचोआच्या हाती आले. मागदा तरुण, चटपटीत, बोलायला गोड. ती निरीक्षक असताना घडलेली गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

एका सकाळी कोबीच्या शेतावर फवारणी चालू होती. शेजारच्या शेतात लेट्यूसची विरळणी करणाऱ्या बायकांची टोळी वाकून काम करत होती. वारा उठला, तरी फवाऱ्याचा ट्रॅक्टर थांबला नाही. धुकं यावं तसं काहीतरी बायकांच्या अंगावर आलं. डोळे झोंबले, दोघी-तिघी बांधावरच ओकल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे जिल्ह्याला कळवलं. मागदाने संध्याकाळी टोळीच्या एउलालियाला फोन केला. एउलालिया वयाने मोठी, सगळ्याजणी तिचं ऐकत, मानाने तिला ‘दोन्या’ म्हणत.

“दोन्या एउलालिया, आज अंगावर होते ते कपडे ठेवा हं. मी उद्या न्यायला येते.”

“ठेवते, बाई. काळजी नको.”

दुसऱ्या दिवशी मागदा आधी शेतात गेली. सिल्वेरांनी शिकवल्याप्रमाणे तिने लांबची पानं घेतली, मग जवळची. तिथेच फवारणी कंपनीचा व्यवस्थापक डार्बी आला. उंच माणूस, हातात कॉफीचा पेला.

“पानांवर सापडेल थोडंफार, मी कुठे नाही म्हणतो?” तो म्हणाला. “पण बायका त्या टोकाला होत्या. तिथवर काही गेलं नाही. भपकाऱ्याने मळमळलं असेल.”

“वारा उठल्यावर थांबायला हवं होतं.”

“या खोऱ्यात वारा नसतो कधी, ते सांगा मला! आणि हे बघा, गुरुवारी याच तुकड्यावर दुसरी फवारणी आहे. परवानगी तुमच्याच कार्यालयाची. अडवायची तर पुरावा दाखवा.”

गुरुवारी त्याच बायका त्याच शेतात असणार होत्या. न जाऊन त्यांना चालणार नव्हतं. टोळीतली जागा एकदा गेली की गेली. म्हणजे आता सगळा भार त्या कपड्यांवर होता.

मला घेऊन मागदा बायकांच्या वस्तीत आली. या बायका मेक्सिकोतल्या वहाका प्रांताच्या डोंगरातून आलेल्या. घरात त्या मिश्तेक भाषा बोलतात. एउलालियाने दारातच मागदाला कपडे दिले. पांढरे, कडक इस्त्रीचे, घडी घातलेले. त्यांतून साबणाचा सुंदर वास येत होता.

मागदाने वरची घडी उलगडली.

“धुतले?” तिने हळूच विचारलं.

“हे काय विचारणं झालं?” एउलालियाला नवल वाटलं. “सरकारी कामाला मळके कपडे द्यायचे? माझ्या आईने जिवंत सोडलं नसतं मला. रात्रीच सगळ्याजणींनी मिळून धुतले. दोनदा खळबळून काढले.”

मित्रांनो, मी आतून गार पडले, आणि ते बर्फामुळे नव्हे. मागदाने फोनवर ‘ठेवा’ म्हटलं होतं. ‘धुऊ नका’ म्हणायचं तिच्या मनातच आलं नाही. आणि त्यांच्या रीतीत पाहुण्याच्या हातात मळका कपडा देणं म्हणजे आपल्या तोंडाला आपण काळं फासणं. चूक कोणाची म्हणायची? सगळ्यांनी आपापल्या परीने चांगलंच केलं होतं.

मागदाने त्यांना समजावून सांगितलं. औषधाचा अंश धाग्यात असतो, तोच बोलतो, आणि तो आता मोरीतून वाहून गेला. एउलालिया पायरीवर बसली. तिने कपाळाला हात लावला. मग एकाएकी ती पलीकडच्या दाराकडे बघून हसायलाच लागली.

“क्रिसोफोरा! अगं कोमाद्रे, बाहेर ये!” कोमाद्रे म्हणजे आपल्या लेकराच्या धर्ममातेचं नातं, सख्ख्या बहिणीहून जवळचं. “ही आमची कोमाद्रे, बाई, शनिवारशिवाय साबणाला शिवत नाही. आजवर आम्ही तिला किती नावं ठेवली!”

क्रिसोफोरा दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच राहिली. डोळे अजून लाल होते.

“तुझा कालचा सदरा कुठंय?”

“कुठंय म्हणजे? पडलाय.”

“धुतलास?”

“आज काय शनिवार आहे?” ती फणकारली. “आत्ता सगळ्यांसमोर हेच काढायचं होतं का तुला?”

“आण तो. बाईंना दे.”

“तो? त्याला घामाचा वास येतोय! राजधानीतले साहेब लोक नाकाला रुमाल लावतील आणि म्हणतील, ही क्रिसोफोरा कोण आळशी बाई? मी नाही देणार.”

“आणि गुरुवारी?” एउलालियाचा आवाज खाली आला. “गुरुवारी पुन्हा ओकायचंय का आपण? तुझ्या पदरचं पोर अजून दूध पितं, कोमाद्रे.”

क्रिसोफोरा मागे वळली. भिंतीवर ग्वादालुपेच्या मातेची, म्हणजे त्यांच्या देवमातेची, तसबीर होती, तिच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग पुटपुटत काहीतरी म्हणाली. एउलालियाने मागदाला अर्थ सांगितला. “नवस बोलली ती. सदरा खरं बोलला, तर कालव्यापलीकडच्या सगळ्या वस्त्यांत जाऊन बायकांना सांगेन म्हणाली, अंगावर औषध आलं तर कपडे धुऊ नका. तिकडच्या बायकांना स्पॅनिश येत नाही ना. आमचीच भाषा बोलतात.”

मागदाने नवे हातमोजे चढवले. क्रिसोफोराने मान फिरवून सदरा पुढे केला. निळ्या फुलांचा, कॉलरला मळाची रेघ, खांद्यावर वाळलेले पांढुरके ठिपके. आधी कागदाच्या पिशवीत, मग प्लॅस्टिकच्या. मग माझ्या पोटात. पट्टी चिकटली, सही झाली.

मी आयुष्यात पुष्कळ पानं वाहिली, मातीही वाहिली. पण माणसाच्या अंगावरचा, त्याच्या घामाचा कपडा इतका जपून कोणी नेताना मी पाहिलं नव्हतं. वाटेत मागदाने खड्डा चुकवायला गाडी हळू केली. मला वाटलं, आपण पालखीतून चाललो आहोत.

राज्याच्या खात्यातले ताकेमोतो आम्हाला वाटेत येऊन मिळाले. बोलायला कोरडे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

“धुतलेला नाही, खात्री आहे?” त्यांनी विचारलं.

“ती बाई फक्त शनिवारी धुते,” मागदा म्हणाली.

“देव तिचं भलं करो,” ताकेमोतो म्हणाले. मग थोड्या वेळाने, “याच कंपनीबद्दल कालव्यापलीकडच्या जिल्ह्यातूनही तक्रार आली होती. तिथे काही हाती लागलं नाही. कपडे धुतलेले होते.”

प्रयोगशाळेतल्या बाईंनी दिव्याखाली पट्टी पाहिली. शाबूत होती. त्यांनी सदरा बाहेर काढला. मित्रांनो, कोणीही नाकाला रुमाल लावला नाही. त्यांनी तो दोन्ही हातांवर असा धरला, जसा आजारी माणसाला आधार द्यावा. खांद्यावरच्या कापडाचा तुकडा कापला, काचेच्या नळीत बुडवला, यंत्राला दिला. यंत्राने कागदावर एक उंच शिखर काढलं. कोबीवरचं औषध, तेच, शेताच्या त्या टोकाला असलेल्या बाईच्या खांद्यावर. डोळ्यांना न दिसणारं यंत्राला दिसलं. देवाचं काम किती सूक्ष्म असतं हे मी भजनांत ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

बुधवारी जिल्ह्याने गुरुवारच्या फवारणीची परवानगी काढून घेतली. डार्बीने ओरडाआरडा केला, पण बांधावर ट्रॅक्टर आला नाही. जिल्ह्याला एवढंच करता येत होतं. कालव्यापलीकडे कंपनी फवारतच राहिली असती. पुढचं राज्याने केलं. ताकेमोतोंनी दोन्ही जिल्ह्यांतल्या तक्रारी जुळवल्या आणि परवान्याचीच सुनावणी लागली. तिला सबंध हिवाळा लागला. राज्याचा हात लांब आहे, पण हळू उठतो, हेही मी शिकले.

त्या हिवाळ्यात कार्यालयात विजेवर चालणारी नवी पेटी आली. माझ्या झाकणाची बिजागरी तुटली होती. मला कोठीत उंदरांच्या सापळ्यांशेजारी ठेवलं. माझ्यावर धूळ बसली. एकदा कोणीतरी माझ्यात अर्धं सँडविच विसरून गेलं. झाकणावरची सिल्वेरांची अक्षरं तोपर्यंत पुसट झाली होती, त्याला दिसली नसतील. मी रडू शकत नाही, नाहीतर रडले असते.

तुमच्याकडे एवढीच विनंती आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूला टाकण्याआधी तिने काय काय वाहिलंय ते एकदा आठवा. आणि कोणाच्या मळक्या कपड्याकडे बघून नाक मुरडू नका. काही मळ सत्य धरून ठेवतात.

वसंत आला, कंपनीचा परवाना गेला. मागदाने मला कोठीतून काढून धुतलं, माझ्यात न धुतलेले कपडे ठेवायला कोऱ्या कागदी पिशव्या भरल्या, झाकण दोरीने बांधलं आणि निकाल सांगायला वस्तीत गेली. एउलालियाने तिला गोड मक्याची पेज दिली. खूप हसणं झालं. क्रिसोफोराने मात्र निकाल ऐकला, तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, पोराला एउलालियाच्या मांडीवर दिलं.

“आत्ता?” एउलालिया म्हणाली. “अगं, रविवारी जाऊ, गाडीने.”

“मी सोडते की,” मागदा म्हणाली.

“नको, बाई. चालतच जायचा नवस बोललेय.”

तिने दोरी सोडून माझं झाकण उचललं, पिशव्यांचा गठ्ठा काखेत घेतला, डोक्यावरून रुमाल बांधला, आणि कुणाचा निरोप न घेता कालव्याच्या पुलाकडे चालू लागली.