विचारलं असतं, तर दिला असता

हिसाओशी माझं बोलणं तीन वर्षं बंद होतं, आणि कारण काय, तर एक मातीचा वाडगा. हसायचं तर हसा.

आम्ही दोघं चाळीस वर्षं चहाविधीचे जुने वाडगे जमवत आलो. आमच्या कानाझावा शहरातलं एकही जुन्या वस्तूंचं दुकान आम्ही सोडलं नसेल. आम्हाला चहा शिकवणाऱ्या कागेयामा बाई वारल्या आणि त्यांच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यातला मधाच्या रंगाचा, दोनशे वर्षांचा वाडगा हिसाओला हवा होता. बाई त्याला नेहमी त्यातूनच चहा द्यायच्या. मला हे ठाऊक होतं. तरी मी बोली चढवत गेलो. का? खुमखुमी, दुसरं काय! हिसाओ उठला, "सांभाळ हो, तेइझो," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर माझ्याकडे चहाला कुणी आलं नाही. एकट्याने हिरव्या पुडीचा चहा घुसळायचा, वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे फिरवायची, आणि ठेवायचा कुणापुढे? भिंतीपुढे? फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा, बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून झाडांच्या फांद्या दोरांनी बांधायचे दिवस आले तेव्हा, मी नाक मुठीत धरून पत्र लिहिलं. "चहाला ये." मनात सगळं ठरलं होतं. चहा त्याच वाडग्यात द्यायचा. पिऊन झालं की पाहुणा वाडगा निरखतो आणि त्याची चौकशी करतो, अशी रीतच आहे. त्याने विचारल्याशिवाय यजमानाने आपल्या वस्तूबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. हिसाओ विचारणार, "वाडगा कुणाचा?" मी म्हणणार, "तुझा. घरी घेऊन जा." वाडग्याची लाकडी पेटी कापडात बांधून न्यायची, म्हणून कापडसुद्धा धुऊन ठेवलं होतं.

हिसाओ आला. केस पार पांढरे झालेले.

"गुडघे अजून वाकतात का रे?" मी विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरे," तो म्हणाला. इतकं बरं वाटलं मला!

त्याच वाडग्यातून तो चहा प्यायला. मग गुडघ्यांवर कोपरं टेकवून वाडगा दोन्ही हातांत धरला, खूप वेळ. काठावरून अंगठा फिरवला. मी मनात म्हणत होतो, विचार ना गाढवा, विचार!

"चहा छान झालाय," तो म्हणाला, आणि वाडगा माझ्याकडे सरकवला.

विचारलंच नाही. त्याला वाटलं असेल, विचारलं तर मागितल्यासारखं होईल. आणि मी? ताकाला जाऊन भांडं लपवणारा! "तुझाच आहे रे," म्हणायला माझं तोंड कुणी धरलं होतं? पण नाही, मी रीत धरून बसलो.

दारात जोडे घालता घालता तो म्हणाला, "उद्या साप्पोरोला चाललोय, मुलाकडे. घर विकलं. आता इकडे येणं काही होणार नाही."

"तिकडे थंडी फार," मी म्हणालो.

"हो, म्हणतात खरं."

गल्लीच्या वळणावर थांबून त्याने पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला. हाक मारली असती तर थांबला असता तो. मी मात्र रीतीप्रमाणे, तो दिसेनासा होईपर्यंत वाकून उभा राहिलो, आणि मग घरात आलो.