वाढवलेली डिस्क

मी एक जुनी हार्डडिस्क आहे. सध्या पलूसजवळच्या एका द्राक्षबागेत तारेला टांगलेली असते. हार्डडिस्कचं बागेत काय काम, असं तुम्ही विचाराल. पाखरं हाकलायचं काम. तेही मला जमत नाही. या क्षणी वरच्या तारेवर एक बुलबुल बसला आहे आणि माझ्यात बघून तुरा नीट करतो आहे.

मित्रांनो, माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन काम करत, कारण माझ्या पोटात धुळीचा एक कण गेला तरी मी कामातून जाते. माझ्या पोटात दोन चकचकीत तबकड्या होत्या आणि त्यांच्यावरून एक सुई जराही न टेकता फिरत असे. मला बंद करून वर चिठ्ठी लावली होती, ‘उघडू नये’. ती इंग्रजीत होती. तिथूनच माझं नशीब ठरलं असावं.

सांगलीच्या बाजारातून मला सूरज नावाच्या मुलाने आणलं. त्याचं घराणं मूळचं जतकडचं, मेंढरं राखणारं. पाऊस पाठ फिरवी तसे ते लोक मेंढरं घेऊन कृष्णेच्या काठी उतरत. एका वर्षी उतरले ते परत गेलेच नाहीत. बागेत राबू लागले आणि पुढे लहानशी बाग स्वतःचीही झाली. सूरजचे वडील बिरदेव, आई बनाबाई आणि चुलते जोतीराम, असं ते घर. जोतीरामना सगळे नाना म्हणत आणि ते बिरदेवांना दादा म्हणत.

सूरजने गेम खेळण्यासाठी मोठा कॉम्प्युटर जोडला. त्याच्या पेटीला काचेची बाजू होती आणि आत रंगीत दिवे लागत. पहिल्या दिवशी बनाबाईंनी ते दिवे बघून पेटीला हळदकुंकू वाहिलं. सूरजचे मित्र येत आणि माझं कौतुक करत. “लय जागा हाय गड्या हिच्यात. सगळं गाव मावंल.” मला बरं वाटे. कौतुकाने कुणाला बरं वाटत नाही?

गाव काही माझ्यात आलं नाही. गेम आले. आणि एक आवाज आला.

बिरदेव ओव्या म्हणत. रान मोकळं असलं की मेंढरामागे म्हणायच्या त्या ओव्या बागेत दबून म्हणत. सूरजने एकदा फोनवर त्या धरून ठेवल्या. पुढे बिरदेव गेले, काही दिवसांनी तो फोनही गेला. पण तोवर सूरजने तो आवाज माझ्यात उतरवून ठेवला होता. आता तो जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या तबकडीवर.

बागेतून आल्यावर बनाबाई हातपाय धुऊन कॉम्प्युटरसमोर बसत. पडद्यावरच्या पिवळ्या पाकिटाला दोनदा टिचकी मारायची, एवढंच त्यांना येत होतं. ओवी सुरू होई. खरं सांगायचं तर ओवीकडे त्यांचं लक्ष नसे. त्या तिच्या शेवटाची वाट बघत. शेवटी बिरदेव खाकरत आणि म्हणत, “बने, पानी आण गं जरा.”

तिथे आवाज संपे. बनाबाई हळूच म्हणत, “आणते.” मग पडदा बंद करून स्वयंपाकाला लागत.

मित्रांनो, मी एवढ्या गेममध्ये एवढी माणसं मरताना पाहिली, पण माझ्या पोटात खरं जिवंत एवढंच होतं.

सूरज कराडला इंजिनिअरिंगला गेला आणि शनिवारी घरी येऊ लागला. गेम मोठे होत गेले आणि मी जुनी. मला घरघर लागली. गेम सुरू व्हायला वेळ लागे. मित्र म्हणत, “सुरज्या, तुझी म्हातारी उठस्तोवर पलीकडच्यानं आपल्याला मारलंबी.” एका शनिवारी सूरज खिशात एक चपटी वस्तू घेऊन आला. ती एसएसडी होती, नव्या जातीची डिस्क. तिच्या पोटात काही फिरत नाही आणि ती आवाज करत नाही. मला ती पहिल्यापासून आवडली नाही, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

सूरजचा बेत साधा होता. नवीवर गेम ठेवायचे आणि मला शेजारी जुन्या सामानासाठी ठेवायचं. पण पेटीत डिस्कला वीज देणारी वायर एकच निघाली. ती माझ्या पाठीतून काढून त्याने नवीला लावला. गेम नव्याने उतरवून घेतले. मला बाहेर काढून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं आणि आईला म्हणाला, “पुढच्या शनवारी वायर आणतो. तवर जप हिला.”

बनाबाईंनी मला जपलं. रोज पुसलं. माझ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसत. नानांना ते बघवेना. त्यांनी सूरजला फोन लावला. तो मित्रांबरोबर खेळत होता, हे मागच्या गोळीबारावरून मलाही कळलं.

“सुरज्या, ती जुनी डिस्क वयनी घेऊन बसत्यात रं. तिचं काय करायचं?”

“राहू द्या नाना. ती वाढवायची हाय.”

“वाढवायची?”

“व्हय, वाढवायची. गडबडीत हाय जरा.”

“आणि आतलं?”

“आलंय सगळं नव्यावर. चाललंय भारी. ठेवतो.”

सगळं म्हणजे गेम. वाढवायची म्हणजे नवीच्या जोडीला लावायची. पण नानांच्या तोंडी हा शब्द दुसऱ्या अर्थाने होता. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बिरदेव गेले तेव्हा बनाबाईंच्या बांगड्या कुणी फोडल्या नव्हत्या, त्या वाढवल्या होत्या. नानांचे डोळे भरून आले. शेजाऱ्याला ते अभिमानाने म्हणाले, “पोरगं कॉलेजात गेलं, पर रीत इसरलं न्हाई. त्यात दादांचा आवाज व्हता न्हवं? असल्या वस्तूला फोडा म्हनत न्हाईत. वाढवायची हाय, म्हनला.”

त्यांनी गुरुवार धरला. बनाबाई पलीकडच्या बागेत घडांतले मणी विरळायला गेल्या होत्या. बांधावरच्या बिरोबाच्या दगडाशी नानांनी मला नेलं, हळद लावली, कुंकू लावलं आणि आपटलं. मी नारळासारखी फुटले नाही. मग छिन्नी आणि हातोडा आणावा लागला. ‘उघडू नये’ ही चिठ्ठी आधी निघाली. आत चकचकीत तबकड्या बघून नाना थबकले. फेकवेना. बागेत लोक पाखरांसाठी जुन्या सीड्या टांगतात, तशा त्यांनी त्या तारेला टांगल्या. दादांच्या बागेत दादांची वस्तू राहील, असा त्यांचा विचार होता. त्यात वाईट काय होतं, हे मला अजून सांगता येत नाही.

रिकामी फळी बघून बनाबाईंना वाटलं, नानांनी मला वायर लावायला सूरजकडे पोहोचवलं. शनिवारी सूरज वायर घेऊन आला.

“नाना, डिस्क कुठाय?”

“वाढवली की.”

“तुमी? कशी? वायर तर माझ्याजवळ हाय.”

“वायर कशाला लागती? बिरोबाजवळ वाढवली. तूच म्हनलास न्हवं?”

सूरज बागेत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. फोनवर फोटो काढून त्याने सांगलीच्या एका दुरुस्तीवाल्याला पाठवला. त्याने एकच प्रश्न विचारला, “तबकडीला हळद कुणी लावली?” मग काही होणार नाही, असं कळवलं.

सूरज आला म्हणजे मी परत पेटीत बसले असेन, असं समजून घरी बनाबाई पडद्यासमोर बसल्या होत्या. पिवळं पाकीट सापडत नव्हतं. नाना दारातच थांबले. सूरजने सांगायला सुरुवात केली आणि ‘वाढवली’ या शब्दाशी अडकला. पुढचं सांगावं लागलं नाही. तो शब्द बनाबाईंना त्याच्यापेक्षा चांगला माहीत होता.

त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, “भावजी, आत या. दारात नका उभं राहू. शब्दच तसला हाय, तुमी तरी काय करणार.”

मग सूरजला विचारलं, “नव्यात काय काय घेतलंस रं?”

“गेम.”

“बरं केलंस. रिकामं ठेवू नये.”

हे सगळं मला नानांकडून कळलं. रोज संध्याकाळी ते माझ्याखाली येऊन सांगतात. त्यांना वाटतं, दादा ऐकत असतील.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगायचं असतं. माझी तर सगळ्यांनी काळजीच घेतली होती. म्हणून मी एवढंच सांगते, की नवं आणताना जुन्याच्या पोटात काय आहे ते आधी काढून घ्या आणि फोनवर बोलताना खेळ थांबवून पूर्ण वाक्य बोला. कुणी ऐकेल असं मला वाटत नाही.

बिरदेवांचा आवाज अजून माझ्यावरच आहे. तो पुसला गेलेला नाही. उन्हात आहे, वेलींवर फवारलेल्या मोरचुदाच्या निळ्या ठिपक्यांखाली आहे. वारा आला की मी फिरतेसुद्धा. पण तेवढ्या वेगाने आवाज निघत नाही, आणि वाचणारी सुई आता नाही.

बनाबाई घड विरळत आमच्या ओळीत येतात. दुपारी माझ्याखालीच बसून भाकरी खातात. काल वारा होता, मी गरागरा फिरत होते. त्या वर बघत राहिल्या. वारा पडला, मी थांबले. त्यांनी आणखी थोडी वाट बघितली.

मग बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनी माझ्याखालच्या वेलीच्या बुंध्याशी ओतलं. तिथे ठिबकची नळी आहे. त्या वेलीला पाण्याची गरज नव्हती.