लिंबोणीच्या बुडाशी

मी मातीची घागर बोलतेय. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली आहे, म्हणून आवाज दबका येईल. सांगणार मात्र दबून नाही.

निलंग्याच्या बाजारात रत्नम्मानं मला बोटानं वाजवून घेतलं. सगळ्याच घागरी पाझरतात, मी जरा जास्तच. दोन रोजांत ओसरी ओली झाली. शेजारीण म्हणाली, फेकून दे. रत्नम्मा म्हणाली, "झिरपती तर झिरपू दे. जिथं पायजे तिथं झिरपंल." परसात लिंबोणीच्या बुडाशी खड्डा करून तिनं मला पुरलं, तोंडावर चपटा दगड ठेवला.

टँकर आठवड्याला एकदा. म्हातारी स्वतःची आंघोळ दोन तांब्यांत उरकायची, पण दिवसाआड मला अर्धी कळशी मिळायचीच. मी ते घोटघोट मुळांना पाजायची. असे दोन उन्हाळे काढले. तिसऱ्या साली लिंबोणीनं पहिला बार धरला. वाटाण्याएवढी लिंबं. रत्नम्मा रोज मोजायची. चौदा.

मग चैत्रात लातूरहून तिचा मुलगा आला. सोमेश. त्याला सगळं येतं, कारण मोबाईलमध्ये सगळं असतं. आल्याआल्या म्हणाला, "अव्वा, ह्या जमान्यात कोण मडकी पुरतं?" त्यानं मला उपटलं आणि परसातल्या बोअरला जोडून काळ्या नळ्या अंथरल्या. बोअरमध्ये गुळणी भरण्याइतकं पाणी, आणि हा नळीची भोकं मोजत बसला.

मला तरी सोडावं? नाही. गुलाबी ऑइलपेंटचे दोन हात दिले, वर पांढरे मोर काढले. मोर कसले, आजारी कोंबड्या. पोटात प्लास्टिकची फुलं खोचून मला फाटकाशी बसवलं आणि माझ्यासोबत फोटो काढून साहेब लातूरला गेले.

पंधरा दिवसांत बोअर बसली. नळ्यांतून गरम वारा यायला लागला. लिंबं गळू लागली. रत्नम्मानं फोन केला, तर म्हणे पुढच्या रविवारी बघतो. रविवार त्याच्याकडे पुष्कळ. लिंबोणीकडे नव्हते.

म्हातारीनं मला उचलून पुन्हा जुन्या जागी पुरलं, टँकरचं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी दगड उचलून बघते, तर पाणी होतं तेवढंच. तिसऱ्या दिवशीही तेवढंच. शेजारची माती कोरडीठाक. मी काय करणार? अंगाची सगळी छिद्रं त्या शहाण्यानं रंगानं बुजवलेली. पोटभर पाणी, आणि हातभर अंतरावर झाड मरतंय. इतकी लाज मला गळकी म्हणवून घेतानाही वाटली नव्हती.

रत्नम्माच्या ध्यानात आलं. तिनं मला उकरून काढलं, विटेचा तुकडा घेतला आणि घासायला बसली. तीन दुपारी घासलं. बोटं सोलली, पण एकही मोर ठेवला नाही. मग मला पुन्हा पुरून पाणी ओतलं. चौथ्या दिवशी माझ्याभोवतीची माती काळी पडली. तिनं तिथं तळहात टेकवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

चौदातली तीन लिंबं राहिली.

सोमेश आला तो ज्येष्ठात, घामानं निथळत. माझ्या रंग खरवडलेल्या गळ्याकडे बघून तोंड पाडलं. एवढी मेहनत केली होती, म्हणे. मग ओसरीवर बसून म्हणाला, "अव्वा, लिंबू पिळून सरबत तरी दे."

रत्नम्मा उठली. फाटकाशी पडलेली प्लास्टिकची फुलं आणून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"घे. पीळ."

ती तीन लिंबं अजून झाडावरच आहेत. मी बुडाशी आहे. उद्या तडकले, तर माझी खापरं इथंच मातीत दाबा. नटवून फाटकाशी तेवढं बसवू नका.