ऊन माझ्या पाठीवर पडतं

मालकीण दवाखान्यातच वारली हे ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी मला कुणी पुसलं नाही. दुपारी कुणी वळवलंही नाही. मित्रांनो, विहिरीच्या काठावर उभं असलेलं सौर पॅनेल मी. बारा वर्षं जुनं.

कारखान्यात माझ्यावर काच बसली तेव्हा वाटलं होतं, आपण जन्मभर नुसतं उभं राहायचं. इथे मात्र मला फिरती चौकट मिळाली. सकाळी पूर्वेला, दुपारनंतर पश्चिमेला, असं माझं तोंड हातानं सूर्याकडे वळवायचं. ते काम मालकिणीचं. माझ्यावर पंप चालायचा, लिंबाच्या रोपांना पाणी जायचं आणि उरलेली वीज तारेवरून विकली जायची. "ऊन विकणारी बाई मी," असं ती शेजारणींना ऐटीत सांगायची.

ती फडकं घेऊन निघाली की मालक चिडवायचा, "निघालीस का त्याला आंघोळ घालायला?"

"त्याला रोज लागते. तुम्हाला सांगावी लागते."

मला वळवायचं असतं हे मालकाला ठाऊक होतं. कसं, ते त्यानं बारा वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

सांत्वनाला आलेले पाहुणे परतल्यावर, पाचव्या दिवशी, तो शेतात आला. रोपांनी माना टाकल्या होत्या. त्यानं चौकटीला खांदा लावला. मी हललं नाही. त्यानं आणखी जोर केला आणि चौकट अडवून धरणारी आतली खिट्टी वाकली.

"अगं, हे कसं गं वळवायचीस?" तो मोठ्यानं म्हणाला आणि तिथेच मातीत बसला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. "काका, जोर कशाला लावलात? खिट्टी उचलली की एका हातानं फिरतं हे. काकूंना विचारायचं ना."

मालकानं चौकटीला टांगलेलं तिचं फडकं काढून छातीशी धरलं. मिस्त्रीला समजलं. नवी खिट्टी घडवून आणतो म्हणाला आणि खाली मान घालून गेला. तो अजून आलेला नाही.

आता दुपारनंतर ऊन माझ्या पाठीवर पडतं आणि पंप बंद होतो. वीज विकणं थांबलं आहे. मालक बादलीनं पाणी घालतो, थांबत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज गुपचूप एखादं काम करत असेल, तर आजच त्याच्याशेजारी उभे राहा आणि शिकून घ्या.

रोपांच्या खालच्या चार ओळींना अकरा दिवस पाणी मिळालेलं नाही. माझं तोंड, तिनं शेवटचं वळवलं तसं, अजून पूर्वेलाच आहे.