चार नंबरच्या घरातली पावलं

दुपारी तीन वाजता चार नंबरच्या घरात बाबा चालायचे. दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं. सहावं जरा ओढत, कारण शिडीवरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय धड नव्हता. मग सगळं शांत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण वेळेचे ते पहिल्यापासून पक्के.

झाडांवरची सातही घरं त्यांनी स्वतः बांधलेली. लोक दोन दिवस राहायला यायचे, दोरीच्या पुलावरून किंचाळत जायचे आणि ताईच्या सुतारकामाच्या वर्गात प्रत्येकी एक स्टूल करायचे. स्टूल हमखास डुगडुगायचं. "भिंतीला टेकवून ठेवा, कुणाच्या बापाला कळणार नाही," ताई सांगायची. राहण्याजेवण्याचं धाकटा भाऊ बघायचा. चार नंबर मात्र ताईनं बंद ठेवलं होतं. पाहुण्यांसाठी 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी, आणि घरातलं कुणी त्यावर बोलायचं नाही. तीन वाजत आले की आई चहाचा कप घेऊन त्या झाडाच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायची, एवढंच.

यंदा त्या झाडाचा शेंडा वाळला. धाकट्यानं झाडांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या जिना चढून घराच्या तळाशी गेल्या. सगळं घर खोडाभोवतीच्या लोखंडी कड्यावर टेकलेलं होतं आणि कड्याला सहा बोल्ट होते.

"हे कुणी आवळलेत?"

"मी," ताई म्हणाली. "बाबा गेल्यावर आवाज यायला लागला. वाटलं, ढिले झालेत. दर दोन महिन्यांनी आवळते."

"अहो, खोड दरवर्षी जाड होतं. हे ढिले करत जायचे असतात. वडलांनी शिकवलं नाही?"

बाबांनी ते कधी कुणाला दाखवलंच नव्हतं. पाहुणे जेवायला बसले की पाना खिशात घालून एकटेच नाहीसे व्हायचे. घरचे समजायचे, चोरून सिगारेट ओढायला गेले.

"गळा आवळलाय झाडाचा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येतो तो ताणाचा आवाज. लाकूड कण्हतंय."

"लाकूड लंगडतं का हो?" ताई म्हणाली.

बाईंनी कड्याला कान लावून बघितला. मग म्हणाल्या, "रोज एकच बोल्ट सोडा. एकदम सोडलेत तर धक्का बसेल. आणि नाही सोडलेत, तर झाड हे वर्ष काढत नाही."

बाई गेल्यावर धाकटा म्हणाला, "तुला जमत नसेल तर मी करतो."

"तुला बरणीचं झाकण उघडता येत नाही."

"मग तू कर. पण कर, ताई." तो पुलाकडे बघत राहिला. "मलाही येतात ती पावलं ऐकू. तीनला मी मुद्दाम पाण्याची मोटर लावतो."

पहिल्या दिवशी सकाळी ताईनं एक बोल्ट सोडला. तीनला पाच पावलं वाजली. दुसरा सोडला, चार वाजली.

"आज चारच," आई म्हणाली.

"वारा पडलाय," ताई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती वर गेलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. तीनला बरोबर चार पावलं वाजली, शेवटचं ओढत. ती मनातून सुखावली. संध्याकाळी झाडाखालून गेली, तर अंगणभर पानं. हिरवी, कोवळी, देठासकट गळालेली. तिनं ती झाडूनही काढली नाहीत.

मग तिनं तिसरा सोडला, चौथा, पाचवा. उरलं ते एकच, ओढत येणारं पाऊल. बाकीची गेली ती गेलीच.

शेवटच्या दिवशी सकाळभर तिचा पाय निघेना. अखेर तीनला दहा कमी असताना ती जिन्यावर चढली आणि कड्यापाशी उभी राहिली. खालच्या पायरीवर आई होतीच.

"मला काय खुळी समजतेस?" आई वर न बघता म्हणाली. "रोज पाना घेऊन चढतेस ते दिसतं मला. आजचा शेवटचा ना?"

"हो. सोडू नको म्हणालीस तर नाही सोडणार."

"असं कसं म्हणेन? झाड त्यांनी लावलंय, मी नाही." आईनं कप बाजूला ठेवला. "थांब जरा. एकदा ऐकू दे."

दोघी थांबल्या. मोटरचा आवाज आज आला नाही. वर फळीवर ते एक पाऊल वाजलं, ओढत, अगदी खिडकीशी असावं तसं.

"कर आता," आई म्हणाली.

पाना फिरला. कडं हललं आणि सगळं घर बोटभर खाली बसलं, दमलेल्या माणसासारखं. मग काहीच नाही. ताई कान देऊन उभी राहिली. आईला हाक मारावी म्हणून तिनं खाली बघितलं.

आई पायरीच्या एका कडेला सरकून कठड्याला टेकून बसली होती. गुडघे तिनं जवळ ओढून घेतले होते, वरून कुणी उतरत असलं की वाट द्यावी तसे.

ताईनं विचारलं काही नाही. हातातला पाना छातीशी धरून तीही खोडाकडे सरकली, आणि तिनं अंग चोरून घेतलं.