एकदाच घेतलेलं नाव

"मथुराकाकू, हे कोण? सांगा बघू," भार्गवीने फोटो वर धरला.

फोटोत नरसिंहराव होते. शिवाय ते प्रत्यक्षातही खाटेच्या पायथ्याशी, इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसले होते. मथुराबाईंनी फोटोकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने ओठ जुळवले.

"का... कावेरी."

नरसिंहरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. पक्षाघाताला सात आठवडे झाले होते. उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि इतक्या दिवसांनी परत आलेला एकमेव शब्द म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचं नाव!

भार्गवी ही गेलेलं बोलणं परत शिकवणारी मुलगी. वर्षभरापूर्वी, पंचाण्णव साली पुण्याहून बंगळूरला आलेली. हेब्बाळच्या या घरी ती आठवड्यातून तीनदा यायची. तिने छापील तक्त्यावर 'पतीचे नाव' या रकान्यात पुन्हा एकदा फुली मारली.

"काका, काकू तुम्हाला नावाने हाक मारायच्या का?"

"छे! आमच्या बेळगावकडं बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच."

"मग बोलवायच्या कशा?"

"आई होती न्हवं घरात. तिच्यापुढं कशी बोलंल? पेल्यावर चमचा वाजवायची, टक्-टक् करून. मग जेवायला जायचं."

भार्गवी हसली. तक्त्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून तिने काही लिहिलं नाही. आणि जेवायला जायचं म्हणजे काय, तर पेपर वाचता वाचता तिसऱ्या-चौथ्या टक्-टकला नरसिंहराव उठायचे, तेही कपाळाला आठ्या घालून. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

नावाची गोष्ट त्यांनी आजवर अनेकांना अभिमानाने ऐकवली होती. आज ती सांगताना पहिल्यांदाच जीभ अडखळली. कारण नरसिंहराव एका संशोधन संस्थेत सव्वीस वर्षांपासून प्रयोगशाळेचे मदतनीस होते. उंदराच्या मेंदूचा पातळ काप बशीत जिवंत ठेवायचा, त्यात काचेची केसाएवढी सुई बसवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. दोन पेशींमधल्या जोडाला विजेचे शंभर ठोके भराभर दिले की तो बळकट होतो. मग हलक्या ठोक्यालाही पडद्यावरची रेघ उंच उडते, तासन्तास उडत राहते. शिकणं, लक्षात राहणं या जोडांवरच चालतं, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे आणि नरसिंहराव मागे उभे राहून मान डोलवायचे. उंदरांना त्यांनी लाखो ठोके दिले असतील. बायकोच्या मेंदूला त्यांच्या नावाचा मिळालेला ठोका एकच.

आणि ही कावेरी! अठरा वर्षं रोज अकराला कॉफी घेऊन वर यायची. दोघी कानडीत तासभर बोलत बसायच्या. नरसिंहराव तेव्हा उंदरांपाशी असायचे.

एवढं सगळं कळलं म्हणून मत्सर थोडाच थांबतो? दुसऱ्या दिवशी अकराला कावेरी आली, तेव्हा ते दार अडवून उभे राहिले.

"डॉक्टरांनी माणसं नको म्हटलंय. स्वल्प दिवस येऊ नका."

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. कावेरीने एकदा आत डोकावून पाहिलं. "सरी, अण्णा," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि भरले पेले घेऊन तशीच खाली गेली.

मग नरसिंहरावांनी रजा टाकली आणि शिकवणी मांडली. "म्हण, नर. म्हण, सिंह." सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मथुराबाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. अकरा वाजले की मात्र दाराकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कावेरी?" पुढे पुढे ते नुसतं पुटपुटणं झालं. नवव्या दिवशी तेही नाही.

दहाव्या दिवशी भार्गवीने सगळे फोटो दाखवले. गाय, कप, शेवटी कावेरीचाही. मथुराबाई गप्प.

"काका, झालं काय? आलेला एक शब्द होता, तोही गेला!"

नरसिंहरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ठोके चुकीच्या लयीत दिले की बळकट झालेला जोडही दुबळा पडतो आणि पडद्यावरची रेघ बसत जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उंदरांशी ते कधी इतके वाईट वागले नव्हते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

भार्गवी गेल्यावर ते खाली उतरले. कावेरीने दार उघडलं.

"डॉक्टर काही बोलले नव्हते," ते कानडीत म्हणाले. "ते मीच सांगितलं होतं."

"गोत्तु, अण्णा," ती म्हणाली. माहीत होतं तिला. "चला पुढं. कॉफी करून आणते."

नरसिंहराव वर येऊन आपल्या स्वयंपाकघरात बसले. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून कावेरीचं हसणं ऐकू आलं, तिची न संपणारी कानडी ऐकू आली. बऱ्याच वेळाने एक तुटका, घोगरा शब्द आला, "का... कावेरी." बरं वाटलं त्यांना. आणि जळलंही, तेवढंच. आपण इथे कोण, असं मनात आलं. त्यांनी पेपर उघडला.

टक्-टक्.

त्यांनी मान वर केली. आतलं बोलणं थांबलं होतं. दारातून खाट दिसत होती. मथुराबाईंच्या डाव्या हातात चमचा होता, समोर कॉफीचा एक पेला जास्तीचा होता, आणि नजर स्वयंपाकघराकडे होती. आता त्या तिसऱ्या-चौथ्या टक्-टकपर्यंत वाट पाहणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नरसिंहरावांनी पेपर खाली ठेवला आणि पहिल्याच टक्-टकला ते उठले.