शाब्बास

आमच्या कारखान्यात एक अलिखित नियम होता. साहेब घड्याळ घेऊन पाठीमागे उभे राहिले की हात आखडता घ्यायचा. सुई बदलायची, धागा पुन्हा ओवायचा, कॉलर दोनदा उलटून बघायची. तासाला पंचेचाळीस कॉलर असं टार्गेट त्यामुळेच टिकून होतं. मला हे माझ्या सख्ख्या बहिणीनेच शिकवलं. ताई माझ्या शेजारच्या मशीनवर बसते.

आणि अकरा वर्षं सांभाळलेला तो नियम मीच मोडला. कशासाठी, तर एका शब्दासाठी.

नवे साहेब मागे उभे राहिले आणि म्हणाले, "असा हात मी कुठे पाहिला नाही. शाब्बास." अकरा वर्षांत मला तिथे कुणी बरं म्हटलं नव्हतं. घरी तर विषयच सोडा. मी मूर्ख, हरभऱ्याच्या झाडावर चढले. एका मिनिटात एक, अशा दहा कॉलर काढून दाखवल्या. ताईने टेबलाखालून पायाला पाय लावला, तरी थांबले नाही.

सोमवारी भिंतीवर कागद लागला. तासाला साठ. ज्यांना जमणार नाही, त्यांना महिनाअखेर कायमची रजा.

बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. डबा खायला बसले की बाक रिकामं व्हायचं. ताई तेवढी बसायची. तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला, तासाला जुन्या पंचेचाळीस कॉलर गाठतानाच तिच्या नाकी नऊ यायचे. मी माझ्या कॉलर गुपचूप तिच्या खोक्यात टाकत राहिले. मग साहेबांनी गठ्ठ्यागठ्ठ्यावर नंबर टाकले आणि तेही बंद झालं. जीव टांगणीला लागला होता. ताईचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिच्या एकटीवर घर.

महिनाअखेरीस साहेबांनी मला बोलावलं. "तू सगळ्यांत जलद. तुझ्या बहिणीची वेळ तूच घे." स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं आणि ते ऑफिसात गेले. मला देवच पावल्यासारखं वाटलं.

ताई शिवू लागली. बॉबिन संपली, मी घड्याळ थांबवलं. तिने अंगठा चोळला, पुन्हा थांबवलं. दहाव्या कॉलरला घड्याळात बरोबर दहा मिनिटं होती.

ताईने मान वळवून आकडा पाहिला, मग भिंतीवरचं घड्याळ.

"चौदा मिनिटं झालीत. खरं लिही."

"खरं लिहिलं तर उद्या तू घरी बसशील, ताई."

"आणि हे लिहिलंस तर उद्यापासून मला रोज साठ काढायला लागतील. कशा काढू?" ती हळूच म्हणाली, मागच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "उद्या या सगळ्यांना साहेब म्हणतील, ही दुखऱ्या अंगठ्याची काढते, तर तुम्हाला काय झालं? मग सत्तर करतील. पुन्हा तेच करतेयस, बाळा."

मला तिचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. रडू आलं तेही तिथे चालण्यासारखं नव्हतं.

मी चौदा लिहिलं. ताईने कात्री पिशवीत टाकली, मशीनवर कापड झाकलं आणि खुर्ची नीट आत सरकवली.

ऑफिसात साहेबांनी कागद वाचला. बहिणीचा आकडासुद्धा खरा लिहिला म्हणून खूश झाले.

"शाब्बास," म्हणाले.